अठ्ठावीस फेब्रुवारीचा परीट

“सुदामाऽ! आला बघ तुजा परीट!”

परसातून आईची हाक आली तेव्हा माझ्या तोंडात टूथपेस्टचा फेस होता. तसाच धावलो. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात वही, गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीची खरं तर काडीची गरज नव्हती. पक्षी माझ्यापासून सहा हातांवर होता आणि दुर्बिणीतून मला त्याच्या पोटाचा नुसता पांढरा ढग दिसत होता. पण घेतली आहे म्हटल्यावर लावायला नको?

आई धुण्याच्या दगडाशी बसली होती. पुढ्यात बादली, हातात माझा लेंगा. तिनं ओतलेलं पाणी पेरूच्या झाडाखालून वाहत पार कुंपणापर्यंत गेलं होतं. त्या ओलीत तो करड्या पाठीचा, पांढऱ्या तोंडाचा, चिमणीएवढा पक्षी तुरुतुरु पळत किडे टिपत होता. दर दोन पावलांनी शेपूट खाली-वर, खाली-वर. धुणं आपटल्यासारखी शेपूट हलवतो म्हणून तर त्याला परीट म्हणतात.

“दोन नोव्हेंबर!” मी फेसातून ओरडलो. “बघितलंस आई? याला म्हणतात शिस्त. हिमालयापलीकडून येतो, पण तारीख चुकत नाही.”

“तोंड धू आदी,” आई म्हणाली. “सदऱ्यावर गळतंय.”

मी वहीत लिहिलं, ‘२ नोव्हेंबर २००४, सकाळी ७.४०. परीट, एक. आगमन.’ खाली सही केली. सही कशाला, असं विचारू नका. मी वाईच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून होतो आणि सही झाल्याशिवाय जगात काही घडलं यावर माझा विश्वास बसत नसे.

“सुदामा,” लेंग्याला पीळ घालत आई म्हणाली, “एक बोलायचं हुतं.”

“बोल की.”

“आता ह्या फेऱ्या बास झाल्या बघ. काल हडपसरहून येताना यष्टीची पायरी चढवंना. कंडक्टरनं वर वढून घेतलं, पोतं घेत्यात तसं. चौऱ्याहत्तर सरलं मला. आता एका जागी ऱ्हाऊ दे. तुज्याकडं.”

तेवढ्यात परीट भुर्रकन कुंपणापलीकडं उडाला.

“अगं, हळू बोल ना! उडवलंस की त्याला,” मी म्हणालो. मग आपण काहीतरी उत्तर द्यायला पाहिजे हे लक्षात आलं म्हणून म्हणालो, “बघू. आप्पाशी बोलायला हवं.”

ह्या फेऱ्या काय होत्या, ते सांगतो. सांगताना माझीच अब्रू जाणार आहे, पण याला आता वीस वर्षं झाली, आणि अब्रू तशी त्याच वेळी गेलेली आहे.

आम्ही तिघं भाऊ. थोरला हणमंत, त्याला आम्ही आप्पा म्हणतो, तो साताऱ्याला. धाकटा विलास हडपसरला. मधला मी. शहाण्णव साली वडील गेले आणि आई कुठं राहणार हा प्रश्न आला. इतर घरांत अशा वेळी रडारड होते, भांडणं होतात, चार शहाणी माणसं मधे पडतात. आमच्याकडं तसं काही झालं नाही, कारण आमच्याकडं मी होतो. मी एक कागद तयार केला. ‘विषय : मातोश्रींच्या वास्तव्याबाबत.’ मार्च ते जून क्रमांक एक, म्हणजे आप्पा. जुलै ते ऑक्टोबर क्रमांक तीन, विलास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी क्रमांक दोन, अस्मादिक. माझ्या वाट्याला फेब्रुवारी येतो, म्हणजे दिवस कमी भरतात, अशी विलासनं कुरकुर केली. तेव्हा मी मोठ्या मनानं एक कलम वाढवलं की लीप वर्षाचा जादा दिवस क्रमांक दोनकडे राहील. तिघांच्या सह्या झाल्या. कागदाच्या तीन प्रती निघाल्या. कागद इतका चोख झाला होता की आप्पा म्हणाला, “सुदामा, तू कलेक्टर व्हायला पायजे हुतास.”

आईला विचारलं नाही. अर्जात ज्याचा विषय असतो त्याला कोण विचारतं?

तर अशी आमची आई दर एक नोव्हेंबरला एक ट्रंक, एक वळकटी आणि एक पितळी तांब्या घेऊन माझ्याकडं यायची. आमच्या घरी वॉशिंग मशीन होतं, पण त्यावर तिचा भरवसा नव्हता. “ते कापडं फिरवतं, धुत न्हाई,” म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या दगडावर जाऊन बसायची, की चार महिने आमच्या घराचं सगळं धुणं तिथं. बायको बिचारी नको नको म्हणायची, पण आई ऐकते कुणाचं!

आणि त्याच दुसऱ्या दिवशी यायचा परीट. आठ वर्षं मी त्याची नोंद ठेवली होती. आगमन दोन नोव्हेंबर. गमन अठ्ठावीस फेब्रुवारी. मी दिवसभर कचेरीत असायचो. संध्याकाळी आल्यावर चहा पिता पिता विचारायचो, “आला होता का?” आई म्हणायची, “दोनदा आला. एकदा म्यारीबिस्कुटाचा चुरा टाकला, तर त्याकडं ढुंकूनबी बघितलं न्हाई.” ते मी शास्त्रीय भाषेत लिहायचो. ‘दोन वेळा दर्शन. बिस्किटाबाबत अनास्था.’ अठ्ठावीसला आई आप्पाकडं जायची. एक मार्चला सकाळी मी कचेरीला जाण्यापूर्वी पाच मिनिटं परसात दुर्बीण लावून उभा राहायचो. परीट नसायचा. की लिहिलं, ‘गमन, काल.’ सही.

या भांडवलावर मी वाईतला पक्षितज्ज्ञ झालो होतो. वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांत माझं पत्र छापून आलं होतं. कचेरीत मला पक्षीसाहेब म्हणत. त्यात चेष्टा असावी अशी मला त्या काळात शंकाही आली नव्हती.

त्या हिवाळ्यात आईनं आणखी दोनदा विचारलं. संक्रांतीला तीळ निवडताना म्हणाली, “आप्पाला बोललास का रं?” मी म्हणालो, “बोलतो, सणाचं कशाला?” जानेवारीअखेर गुडघ्याला तेल लावताना पुन्हा म्हणाली. मी म्हणालो, “बघू गं, घाई काय आहे?”

बायकोला, मंदाला, एकदा चाचपून बघितलं. “आई कायमची राहायची म्हणतेय. तुला काय वाटतं?”

“राहू देत की,” ती भाजी चिरता चिरता म्हणाली. “मी कधी नको म्हटलं?”

“तसं नव्हे, पण कागदात ठरलंय—”

“कागद तुम्ही लिहिलाय. आभाळातून पडलेला नाही.”

खरं सांगतो, आई मला जड झाली होती असं नाही. मार्च ते ऑक्टोबर मी मोकळा असायचो. ‘रात्री उशीर झाला, कुठं होतास’ असं विचारणारं कुणी नसायचं. आईच्या गोळ्या नाहीत, गुडघे नाहीत. त्या मोकळेपणाची चटक लागली होती, आणि ती चटक म्हणायला लाज वाटते म्हणून तिला मी नियम म्हणत होतो. आप्पाला फोन काही मी केला नाही. उलट फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आईला सांगून टाकलं, “अठ्ठावीसला सोमवार येतोय. मला रजा नाही. सव्वासातच्या गाडीत बसवून देतो.”

आई “बरं” म्हणाली आणि ट्रंकेचं कुलूप शोधायला लागली.

त्याच आठवड्यात वाचनालयाचे कार्यवाह आण्णा शेटे घरी आले. अतिशय सरळ माणूस. इतका सरळ की त्यांना कोपरखळी मारली तर ते जागा करून द्यायचे. “वीस तारखेला रविवार आहे,” ते म्हणाले. “तुमचं भाषण ठेवू या. पक्ष्यांवर बोला. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या दळवी मॅडमही येणार आहेत, त्यांचा यात अभ्यास आहे.”

मी आठ दिवस आरशासमोर बोललो. विषय ठेवला, ‘हिवाळी पाहुणे : पंखांचे आणि बिनपंखांचे.’

रविवारी चार वाजता पन्नासेक माणसं जमली. वाईत रविवारी दुपारी पन्नास माणसं म्हणजे गर्दीच. पहिल्या रांगेत दळवी मॅडम. तिशीच्या, बारीक चष्म्याच्या, मांडीवर वही. तिसऱ्या रांगेत मंदा आणि आई. आईनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. लेकाचं भाषण ती पहिल्यांदाच ऐकणार होती.

आणि काय सांगू, भाषण रंगलं! मी म्हणालो, “डिसेंबरात पुण्याची माणसं महाबळेश्वरला थंडी खायला निघतात. गाडीच्या काचा बंद, कानाला मफलर, डोक्याला माकडटोपी, मागं चार बॅगा. वाईत उतरतात आणि म्हणतात, काय हो थंडी! अरे बाबांनो, थंडीच खायला निघालात ना? आणि आमचा परीट बघा. हिमालय ओलांडून येतो. वजन दोन-तीन पेढ्यांएवढं. ना स्वेटर, ना थर्मास!” हशा. “भोरड्या येतात त्या म्हणजे कॉलेजची सहल. शंभर-दोनशेचा थवा, हा कालवा, ज्वारीवर ताव, आणि निघताना मागं सगळी घाण.” हशा. “थिरथिरा मात्र एकटाच भिंतीवर बसून शेपूट थरथरवत असतो. हनिमूनला आलेला नवरा कसा हॉटेलबाहेर उभा असतो, बायकोचं आवरायची वाट बघत!” यावर तर मागच्या रांगेतून शिट्टी आली.

हशाची मोठी वाईट नशा असते. ती चढली की माणूस घरचं सामान बाहेर आणायला लागतो.

“आमच्या घरी,” मी म्हणालो, “दोन हिवाळी पाहुणे येतात. एक परीट, आणि दुसरी आमची आई. दोघं नोव्हेंबर लागला की येतात, दोघं फेब्रुवारी संपला की जातात. दोघांनाही धुण्याच्या दगडाचा भारी नाद. फरक एवढाच, की परीट आल्या आल्या सुनेच्या डब्यांची झाकणं उघडून बघत नाही!”

सगळं सभागृह हसत सुटलं. माणसं वळून वळून आईकडं बघायला लागली. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मंदा हसत नव्हती.

टाळ्या संपल्यावर आण्णा शेटे म्हणाले, “कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.” दळवी मॅडम उठल्या. “फार छान बोललात. तुमची वही जरा बघू शकते का? सलग आठ वर्षांच्या नोंदी सहसा मिळत नाहीत.”

मी वही दिली. छाती अशी काही फुगली होती की शर्टाचं बटण सुटतं की काय वाटलं.

त्या पानं उलटत गेल्या. मग थांबल्या. मग मागं गेल्या. “साहेब, दरवर्षी दोनच नोव्हेंबर?”

“दोनच. फक्त २००२ साली तीन.”

“आणि जातो दरवर्षी अठ्ठावीस फेब्रुवारीला. पण दोन हजार साली एकोणतीस... आणि गेल्या वर्षी पुन्हा एकोणतीस.” त्यांनी चष्मा वर केला. त्यांना हसू येत होतं, पण चांगल्या घरातल्या होत्या, दाबत होत्या. “परटाला लीप वर्ष कळतं?”

लोक हसले. मीही हसलो. माझ्या काहीच लक्षात आलं नव्हतं. “निसर्गाचं घड्याळ आहे, मॅडम,” मी म्हणालो. हे वाक्य माझ्या छापून आलेल्या पत्रातलंच होतं.

“पण मी दरवर्षी एप्रिलमध्ये मुलांना घेऊन इथल्या घाटावर येते,” त्या म्हणाल्या. “एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परीट असतात की तिथं. तुमचं घर घाटापासून किती लांब?”

“असेल दोन-तीनशे पावलं.”

“तुमच्या परसात तो नेमका कुठं येतो?”

“धुण्याच्या दगडापाशी. पाणी असतं ना तिथं.”

“ते पाणी बारा महिने असतं?”

तिसऱ्या रांगेतून उत्तर आलं. “न्हाई. माज्या धुण्याचं पानी हाय ते. सुनबाईचं मशीन घरात हाय, त्याचं पानी गटारात जातं.”

“आजी, २००२ साली तुम्ही कधी आलात इथं?”

“एक दिस उशीर झाला हुता. दिवाळीची गर्दी, यष्टीत पाय ठिवायला जागा न्हवती.”

दळवी मॅडमनी वही मिटली आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, “तुमचा परीट अठ्ठावीसला हिमालयात जात नाही, साहेब. परसातलं पाणी आटलं की घाटावर जातो. ऑक्टोबरपासूनही तिथंच असणार. तुमच्याकडं ओल झाली की येतो.”

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो मी घातला होता. तोही दुर्बीण लावून. तरी मी सावरलो असतो, काहीतरी विनोद केला असता. पण आण्णा शेटे होते ना! त्यांना सगळं नीट समजून घ्यायची सवय. ते माइकमध्ये म्हणाले, “एक मिनिट, माझा जरा गोंधळ होतोय. परीट जात नाही म्हणता. मग अठ्ठावीस तारखेला जातं कोण?”

कुणी हसलं नाही.

“मी जाते,” आई म्हणाली.

आण्णांनी विचारलं, “कुठं?”

“थोरल्याकडं, साताऱ्याला. पाळी असती आमची. चार-चार म्हैनं.” आणि मग लोकांचे चेहरे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “लेकरं लई चांगली हाईत माजी. तिघंबी. कुनी कमी करत न्हाई.”

तिनं मला वाचवायला ते म्हटलं. ती मला शिव्या घालती तर बरं झालं असतं.

नारळ आणि शाल घेऊन मी बाहेर आलो. मंदा म्हणाली, “मी पुढं होते. तुम्ही दोघं सावकाश या,” आणि माझ्याकडं असं बघितलं की शाल अंगावर असून मला हुडहुडी भरली.

आईचे गुडघे दुखत होते, म्हणून घाटावर टेकलो. पाच-साडेपाचची वेळ. बायका पायरीवर चादरी आपटत होत्या, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर तीन परीट ओल्या फरशीवरून पळत होते. दुर्बीण गळ्यातच होती. काढून पिशवीत टाकली.

“आई, तुला हे ठाऊक होतं?”

“काय?”

“हे इथं असतात ते.”

“व्हय,” आई म्हणाली. “तीन वरसामागं कळलं. तू मला स्टँडावर बसवून कचेरीला गेलास. गाडी आलीच न्हाई. दुसरीला दीड तास हुता. म्हटलं, घाटावर बसावं. तर ह्यो हितं! ह्योच, न्हाईतर ह्याचा भाऊ.”

दीड तास ती एकटी बसली होती हे मला तीन वर्षांनी कळत होतं. “मग सांगितलं का नाहीस? मी वेड्यासारखं वहीत लिहीत बसलो.”

आई परटांकडं बघत म्हणाली, “तू किती खुशीत लिवायचास, गेला म्हणून. आन् मलाबी...”

“तुला काय?”

“मलाबी बरं वाटायचं रं. ट्रंक उचलताना वाटायचं, निदान कुनीतरी आपल्या संगं निघालंय. खोटं हाय ते कळलं, तरी मी तसंच मनात धरून बसायची.”

मी पंचावन्न वर्षांचा... नाही, त्रेपन्न. असो. त्रेपन्न वर्षांचा, शाल पांघरलेला, मांडीवर नारळ घेतलेला अव्वल कारकून, त्या घाटावर भर गर्दीत हमसून हमसून रडलो. चादरी आपटायच्या थांबल्या. आईनं पदरानं माझं नाक पुसलं. तेही जोरात, लहानपणी पुसायची तसं.

“तू जाऊ नकोस,” मी म्हणालो. “कुठंच जाऊ नकोस. मी आत्ता आप्पाला फोन करतो. माझं चुकलं, आई.”

“ऱ्हाते,” आई म्हणाली. “पर फोन आज नको. तू रडत बोलशील आन् त्याला वाटंल, म्हातारी गेली. उद्या सकाळी कर.”

आईचं ऐकलं असतं तर तो मी कसला? घरी आलो. ती आत भाकरी थापायला बसली आणि मी बाहेरच्या खोलीत फोन फिरवला. चार महिने जे केलं नाही ते आता चार मिनिटंही थांबवेना. पलीकडून आप्पाचा आवाज आला, “हॅलो?” मी म्हणालो, “आप्पा, आई—” आणि रडू जे आलं ते आलंच. पुढं एक शब्द फुटेना. नुसते हुंदके. पलीकडं आप्पा “आरं द्येवा!” म्हणाला आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला तर कुणी उचलेना.

“झालं?” आतून मंदा म्हणाली.

“उद्या सकाळी करतो,” मी म्हणालो.

दीड तासानं गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि वहिनीचा हंबरडा ऐकू आला. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दिवे लागले. जीपमधून आप्पा, वहिनी, आमचे एक चुलते आणि आप्पाच्या शेजारची दोन माणसं उतरली. त्यांतल्या कुणा धोरणी माणसानं वाटेत भुईंजला थांबून हारसुद्धा घेतला होता. आप्पाच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. मी दारात उभा राहून “अरे नाही, नाही” म्हणत हात हलवत होतो, पण माझे सुजलेले डोळे बघून वहिनीनं आणखीच मोठा सूर लावला.

तेवढ्यात आई हाताला पीठ तसंच घेऊन बाहेर आली. “काय कालवा हाय?”

वहिनी अर्ध्या सुरात थांबली. आप्पा पुढं आला, आईच्या पायाला हात लावला, मग गुडघ्याला, मग खांद्याला. खात्री करून घेत होता. मग पायरीवर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. सत्तावन्न वर्षांचा माणूस. आप्पाला मी वडील गेले तेव्हाही असं रडताना बघितलं नव्हतं.

“मी सांगितलं हुतं ह्याला, आज करू नगं म्हणून,” आई माझ्याकडं बघत म्हणाली. “आरं, मी जित्ती हाय. आता हितंच ऱ्हाणार हाय कायमची, येवढंच सांगायचं हुतं त्याला.”

आप्पानं डोळे पुसले. आता हा कागद काढणार, तीन सह्यांचं बोलणार, म्हणून मी मनात उत्तर जुळवायला लागलो. पण आप्पाला कागद आठवतही नसावा.

“मग मला तू कवा भेटायची?” तो म्हणाला.

नऊ वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता. ती हडपसरला असताना मी कधी हडपसरला गेलो नाही. ती माझ्याकडं असताना आप्पा कधी वाईला आला नाही. आपली पाळी आली की ती येणारच आहे, मग जायचं कशाला, असं तिघांनीही धरलेलं.

आईनं दारात उभ्या असलेल्या माणसांकडं बघितलं, जीपकडं बघितलं, त्या धोरणी माणसानं पाठीमागं लपवलेल्या हाराकडंही बघितलं.

“मेली म्हटल्यावर दीड तासात आलास की रं,” ती म्हणाली. “जित्ती हाय तवरबी तेवढाच रस्ता हाय. चला आत, पिठलं गार हुतंय.”